बॅशचा खुला कारभार

टंकलेल्या आज्ञा वाचून संगणकाकडून कामं करून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्स या कार्यप्रणालीसोबत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. पण तो परवान्याच्या कुलपात होता. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. १९८९मध्ये आलेल्या या शेलवर बॉर्नच्या स्क्रिप्ट चालत आणि त्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता, वाटता येई. पुढे देखभाल चेट रेमी यांच्याकडे गेली. लेखक बदलला तरी काम थांबलं नाही, हे खुल्या परवान्याचंच फळ.

यावर कुणी म्हणेल, मग २०१४मध्ये उघड झालेला शेलशॉक हा बॅशमधला सुरक्षादोष कसा घडला? आक्षेपात तथ्य आहे. व्हेरिएबलमधल्या फंक्शनच्या शेपटाला जोडलेली परकी आज्ञाही बॅश बिनबोभाट चालवत असे आणि ही चूक सुमारे २५ वर्षं दडून राहिली. कोड उघडा असून भागत नाही, तो कुणीतरी वाचावाही लागतो. मात्र पहिली दुरुस्ती अपुरी ठरताच बाहेरच्या तज्ज्ञांनी तिच्यातल्या फटी दाखवल्या आणि काही दिवसांतच पुढच्या दुरुस्त्या आल्या. खुलेपणा चूक टाळण्याची हमी देत नाही. ती सुधारण्याचा हक्क मात्र सगळ्यांना देतो.