पंचनामा पहिल्याच दिवशी
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी बाजूला ठेवून आज आपण अशा विषयावर बोलू, की ज्याची गावात कुजबूज होते, बैठकीत मात्र कोणी नाव काढत नाही. शेतावर, वाटेवर किंवा घरातच एखाद्या बाईवर बलात्कार झाला, तर गावाने काय करायचे?

आजवर काय होत आले ते आपल्याला ठाऊक आहे. चार मोठी माणसे बसतात, घराण्याच्या अब्रूची गोष्ट काढतात आणि प्रकरण मिटवतात. बांधाचा वाद पंचांपुढे मिटेल. बलात्कार हा तडजोडीने मिटणारा गुन्हाच नाही. अब्रू गेली असेल तर ती गुन्हेगाराची, बाईची नव्हे.

पोलिसांकडे जायची भीती वाटते, हे आम्ही जाणतो. त्या भीतीला इतिहास आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात आणि आज गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यात घरच्यांबरोबर जबाबाला गेलेल्या एका आदिवासी मजूर मुलीला मागे ठेवून घेतले. ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिची फिर्याद होती. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडले. कारण काय? तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये तर कायद्याने स्वच्छच सांगितले, की बाईने झटापट केली नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. भीतीने गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्यातले आपल्या कामाचे एवढे ध्यानात ठेवा.

‘ही आमची हद्द नाही’ असे म्हणून कोणतेही ठाणे परत पाठवू शकत नाही. गुन्हा मालेगावचा असला तरी नांदगावला नोंदवता येतो. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. पुढचा जबाब बाईच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, तिच्या जवळच्या माणसासमोर घ्यायचा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. पावती घेतल्याशिवाय आपण कापसाची गाडी सोडून येत नाही. मग नक्कल हातात पडल्याशिवाय ठाणे कशाला सोडायचे? गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला कमीत कमी सहा महिने कैद आहे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी टपाल पाठवा. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा.

वैद्यकीय तपासणी पोलिसांना खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत व्हायला हवी, तीही बाईच्या संमतीने. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याला उपचार फुकट आणि ताबडतोब द्यावेच लागतात. दोन बोटांची तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे. तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे आणि तो कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत बाईला कळवायचे आहे.

गारपीट झाली की पंचनामा लगेच व्हावा म्हणून आपण तलाठ्यामागे धावतो. आठ दिवसांनी शेतात काय दिसणार? इथेही तसेच आहे. शक्य तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत; ते कागदात गुंडाळून द्यावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पण अंघोळ झाली, चार दिवस उलटले, म्हणून घरी बसू नका. उशीर झाला तरी फिर्याद होतेच.

तिचे नाव चारचौघांत घेऊ नका. नाव छापणे किंवा जाहीर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. देसाईगंजच्या मुलीचे नाव आम्ही घेतले नाही, ते याचसाठी. वकील लागला, मनोधैर्य योजनेची मदत हवी असली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तातडीला ११२ आणि बायकांसाठी १८१ हे नंबर घरोघरी लिहून ठेवा.

कायदा कागदावर चांगला आहे. तो ठाण्यात उतरतो तो बाईबरोबर कोणी उभे असेल तरच. एकटी गेलेली बाई परत पाठवली जाते; दहा जणी बरोबर असल्या तर अंमलदार खुर्ची देतो. १९८६ च्या नोव्हेंबरात याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी बायांनी एकत्र येऊन आपले प्रश्न आपल्या तोंडाने मांडले. तेच बळ आता ठाण्याच्या दारात लागणार आहे.

म्हणून बैठक उठण्यापूर्वी प्रत्येक गावाने दोन बायांची नावे ठरवावीत. रात्री-अपरात्री कोणाही बाईने हाक मारली तर त्यांनी बरोबर निघायचे. पुरुषांनी गाडी काढायची आणि तडजोडीचा शब्द तोंडातून काढायचा नाही. ती काय म्हणते ते आधी ऐकायचे. जायचे की नाही हे तिने ठरवायचे. ती निघाली, की तिला एकटी सोडायची नाही.