त्याची दारू सुटते, तेव्हा घराचं काय?



बचत गटात कुणाचा हप्ता थकला, तर आम्ही कारण विचारत नाही. बहुतेकींना ते ठाऊकच असतं. नवऱ्याची दारूची उधारी आपण भागवतो. तो यंत्रमागावर गेला नाही की "ताप आलाय" म्हणून मालकाला फोनही आपणच करतो. घर सावरतोय असं आम्हालाही वाटायचं. पण त्याच्या पिण्याचे चटके त्याला लागतच नव्हते. ते आपण अंगावर घेत होतो.

दारूचा आजार एकट्याचा नसतो, सगळ्या घराचा असतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथं घरच्यांचंही समुपदेशन होतं. बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

दुसरी वाट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची. १९३५ साली अमेरिकेत दारूत बुडालेल्या दोघांनी, एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं, एकमेकांना धरून ती सुरू केली. तिच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे दारूपुढं आपलं काही चालत नाही, हे कबूल करणं. सभेला फी नाही. आपल्याकडं माळ घातलेल्याला माळकऱ्यांची संगत सांभाळते, तसंच हे. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे. तिथं सांगतात: दारू तुझ्यामुळं लागली नाही, ती तुला आवरता येणार नाही, बरीही करता येणार नाही.

या दोन वाटा नवव्या पायरीवर भेटतात. ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची. पण त्यानं त्यांना आणखी इजा होणार असेल तर नाही. तो हात जोडून म्हणतो, "झालं गेलं विसर." आपल्याला मात्र सगळं आठवतं. लगेच माफ केलंच पाहिजे असं नाही. समुपदेशकासमोर बसून ठरवावं: पगार कुणाच्या हातात राहील, उधारी कोण फेडेल, पोरांशी तो काय बोलेल. सभेत तो आजचा दिवस न पिता काढायला शिकतो. समुपदेशनात घर पुन्हा एकमेकांशी बोलायला शिकतं.

दोन गोष्टी जपा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मारहाण होत असेल, तर एकत्र बसणं नंतर, आधी आपला जीव. महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हे नंबर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत कुणाचा हप्ता थकला, तर तिला बाजूला घेऊन कारण विचारू या.