यंत्राची झोप आणि यंत्राची आठवण



लॅपटॉप दुपारीं मिटून ठेवावा, रात्रीं उघडावा, आणि अर्धवट राहिलेला निबंध जेथल्या तेथें पडद्यावर दिसावा, हा अनुभव आतां बहुतेक सुशिक्षित घरांना नित्याचा झाला आहे. परंतु तेंच यंत्र एखादे वेळीं तीन दिवसांनीं उघडलें असतां पडदा काळाच राहतो. चार्जर लावल्यावर यंत्र अगदीं पहिल्यापासून सुरू होतें, आणि निबंधाचा मागमूसही उरलेला नसतो. यंत्र तेंच, निबंध तोच, मिटण्याची रीतही तीच. मग एकदां आठवण राहावी आणि एकदां जावी, असें कां?

पुण्यामुंबईच्या घरांत हा प्रश्न कुतूहलाचा असेल. बारामती-इंदापुराच्या बाजूस तो नुकसानीचा आहे. बारामतींत १९६२ सालीं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें, १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली, आणि आज विज्ञानापासून अभियांत्रिकीपर्यंत अनेक शाखांचें शिक्षण त्या गांवीं मिळतें. आसपासच्या वस्त्यावस्त्यांवरून मुलेंमुली तेथें शिकावयास येतात, आणि त्यांच्या दप्तरांत वह्यांच्या जोडीस आतां लॅपटॉपही असतो. गांवठाणांत वीज बरी असते. पण उसाच्या मळ्यांतील घरीं कधीं वळिवाच्या वाऱ्यानें तार तुटते, कधीं रोहित्र जळतें, कधीं दुरुस्तीसाठीं दिवसभर पुरवठा बंद राहतो. शेतीपंपाची वीज तर ठराविक तासांचीच, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं, अशी पाळीनें येते. अशा ठिकाणीं यंत्राची आठवण विजेवर किती अवलंबून आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याचें सबंध रात्र जागून केलेलें काम पहांटे नाहींसें होऊं शकतें.

प्रथम ‘मेमरी’ या शब्दाचा घोळ मिटविला पाहिजे. दुकानदार “आठ जीबी रॅम, पांचशें बारा जीबी एसएसडी” असें एका दमांत सांगतो, आणि आपण दोहोंनाही मेमरीच म्हणतों. वस्तुतः या दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत. आपण लहानपणीं पाटीवर बेरीज करीत असूं, तेव्हां सात मांडून “हातचे दोन” म्हणत असूं. मांडलेले सात पाटीवर राहत. हातचे दोन मात्र केवळ मनांत धरलेले असत. तेवढ्यांत आईनें हाक मारली कीं हातचा गेलाच. पाटीवरचे सात तसेच. रॅम हा यंत्राचा हातचा होय, आणि एसएसडी किंवा जुन्या यंत्रांतील हार्ड डिस्क ही त्याची पाटी होय. चाललेलें काम सारें हातच्यावर चालतें. आपण ‘सेव्ह’ केलें म्हणजे तें पाटीवर उतरतें.

हा हातचा विजेशिवाय कां टिकत नाहीं, तेंही समजण्यासारखें आहे. रॅममध्यें प्रत्येक अक्षर शून्य आणि एक या दोन खुणांनीं मांडलेलें असतें, आणि प्रत्येक खुणेसाठीं विद्युत्‌भार धरणारें एक अतिसूक्ष्म पात्र असतें. पात्र भरलेलें असेल तर एक, रितें असेल तर शून्य. आय.बी.एम. कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड या संशोधकानें १९६६ सालीं ही रचना योजिली व १९६८ सालीं तिचें पेटंट मिळालें. १९७० सालीं इंटेल कंपनीनें अशा १,०२४ खुणा मावणारी चिप बाजारांत आणली. आज आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपमध्यें अशीं सुमारें ६,८७० कोटी पात्रें असतात. मात्र प्रत्येक पात्र गळकें आहे! त्यांतील भार क्षणोक्षणीं झिरपून जातो. म्हणून सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत, म्हणजे सेकंदास पंधरा-सोळा वेळां, प्रत्येक पात्र वाचून पुन्हां भरावें लागतें.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको. भाटघर आणि वीर या धरणांचें पाणी नीरा डाव्या कालव्यानें बारामती तालुक्यांतून इंदापूर तालुक्यापर्यंत जातें, आणि तें आवर्तनानें, म्हणजे पाळीपाळीनें सोडतात. पाळी वेळेवर आली तर ऊस हिरवा राहतो. चुकली तर, विशेषतः कालव्याच्या टोकाच्या गांवीं, उभें पीक वाळूं लागतें. रॅमच्या ओळींनाही अशीच पाळी लागते. फरक इतकाच कीं उसाचें आवर्तन कांहीं दिवस लांबलें तरी तो तग धरतो. रॅमचें आवर्तन थांबलें तर कांहीं क्षणांत सगळें शिवार ओसाड होतें.

स्मृति अशी विसराळूच असली पाहिजे, असा मात्र निसर्गाचा नियम नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हें गणकयंत्र पुरें झालें. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांची होती, आणि कड्यांतील चुंबकत्व वीज गेली तरी कायम राहत असे. परंतु त्या स्मृतींत अवघे २,०४८ शब्द मावत. डेनार्ड यांच्या गळक्या पात्रांनीं तिला मागें टाकलें, तें जागेच्या, वेगाच्या आणि स्वस्ताईच्या बळावर. त्या लाभाची किंमत म्हणून अखंड विजेची गरज आपल्या पदरीं आली. उलट, एसएसडींत भार एका निरोधक कवचाच्या आड कोंडलेला असतो. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एसएसडींत वापरतात त्या प्रकारची स्मृति काढली. तो भार विजेशिवाय दीर्घकाळ टिकतो, पण रॅमच्या मानानें तेथें लिहिण्यावाचण्यास वेळ फार लागतो. म्हणून हातचाही हवा आणि पाटीही हवी.

आतां झोपेकडे वळूं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनीं १९९६ सालीं यंत्राच्या जाग्या व निजल्या अवस्थांसाठीं एक सामाईक नियमावली प्रसिद्ध केली. तींतील दोन अवस्था आपल्या कामाच्या आहेत. पहिलीस ‘स्लीप’ म्हणतात. तिला आपण डुलकी म्हणूं. हींत पडदा, गणन करणारा मुख्य भाग, पंखा, सारें शांत होतें. फक्त रॅमचें आवर्तन चालूं राहतें. हातचा हातांतच असतो, म्हणून झांकण उघडतांच यंत्र क्षणांत जागें होतें. दुसरीस ‘हायबरनेट’ म्हणतात, तिला शीतनिद्रा म्हणणें योग्य होईल. हींत निजण्यापूर्वीं यंत्र रॅममधला सर्व हातचा एसएसडीच्या पाटीवर उतरवून ठेवतें आणि मग पूर्णपणें बंद होतें. पुन्हां सुरू करतांना तोच मजकूर वाचून रॅममध्यें भरतें. जागें होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, आणि पाटीवर रॅमच्या आकाराइतकी किंवा त्याहून कांहीं कमी जागा अडते. परंतु आठवण टिकविण्यास विजेचा एक कणही लागत नाहीं. बॅटरी संपली, तरी हातचा शाबूत!

डुलकी किती वेळ पुरते, याचा साधा हिशेब करतां येतो. समजा, बॅटरींत ४५ वॅट-तास ऊर्जा मावते आणि निजलेलें यंत्र अर्धा वॅट घेतें. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी ९० तास पुरेल. पण बॅटरी जुनी होऊन तिची धारणा निम्मी झाली असेल आणि झांकण मिटतांना ती ४० टक्केच भरलेली असेल, तर हातीं ९ वॅट-तास उरतात. म्हणजे अवघे १८ तास! शनिवारीं दुपारीं बारामतीहून घरीं गेलेल्या विद्यार्थ्याच्या वस्तीवर त्या रात्रीं वीज नसली, तर रविवारीं सकाळींच त्याचा हातचा सुटतो. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच. यंत्र दोन्ही वेळां सारखेंच वागलें. एकदां बॅटरी पुरली, एकदां पुरली नाहीं.

येथें आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्यें ही डुलकी मोबाइलच्या धर्तीवर केलेली असते. यंत्र निजलेलें दिसतें, पण अधूनमधून जागें होऊन टपाल पाहतें, नव्या दुरुस्त्या उतरवून घेतें. असें यंत्र पिशवींत कोंडून एस.टी.नें पुण्यास निघालें, तर तें वाटेंतच तापूं शकतें आणि बॅटरी अपेक्षेपेक्षां लवकर उतरते. उष्णता ही लिथियम बॅटरीची मोठी वैरीण आहे, आणि बारामती-इंदापुरांत वैशाखाचें ऊन्ह काय असतें तें तेथील श्रोत्यांस ठाऊकच आहे. प्रवासास निघतांना शीतनिद्रा बरी, हें यावरून उघड होईल.

‘बॅटरी सेव्हर’ किंवा ऊर्जाबचत ही तिसरी गोष्ट. तिची या दोन्ही निद्रांशीं गल्लत करूं नये. ती जाग्या यंत्राची काटकसर आहे. ती पडद्याचा उजेड कमी करते, मागें चाललेलीं अनावश्यक कामें रोखते, आणि गणनाचा वेग उतरविते. वेग उतरला म्हणजे विजेचा दाबही उतरवितां येतो. आणि गणनासाठीं लागणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होत असल्यामुळें थोड्या मंदपणाच्या मोबदल्यांत बरीच बचत होते. पत्र लिहिण्यावाचण्यास तो मंदपणा जाणवतही नाहीं. पण या काटकसरीनें हातचा सुरक्षित होत नाहीं. तो फक्त अधिक वेळ धरतां येतो.

बॅटरीच्या आंकड्याविषयींही एक गैरसमज आहे. इंदापूरच्या सीमेवर उजनी धरणाचा विस्तीर्ण फुगवटा पसरलेला आहे. त्या जलाशयाची एकूण धारणा सुमारें ११७ अब्ज घनफूट. त्यांपैकीं ६३ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मृतसाठ्याचें, आणि ५३ हून अधिक उपयुक्त साठ्याचें. धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून शून्य टक्के झालें तरी पाणी असतेंच, आणि कडक उन्हाळ्यांत आंकडा उणें होतो. २०२४ च्या उन्हाळ्यांत तो उणें साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. लॅपटॉपच्या पडद्यावरचें शून्यही असेंच आहे. लिथियमची बॅटरी पूर्ण रिती झाली तर बिघडते, म्हणून यंत्र थोडी ऊर्जा मृतसाठ्यासारखी मागें राखतें. शिवाय शून्याच्या थोडें अगोदरच हातचा पाटीवर उतरवून निजण्याची सोयही पुष्कळ यंत्रांत असते. परंतु जुन्या बॅटरीचा आंकडा भरंवशाचा राहत नाहीं. पंधरा टक्के दाखवीत असतांनाच ती एकाएकीं बसते, आणि मग हातचा उतरविण्यास सवडच मिळत नाहीं. उजनीच्या मृतसाठ्यावर गांवें उन्हाळा काढतात. बॅटरीच्या मृतसाठ्यावर विसंबून कोणीं काम करूं नये.

मग करावें काय? घरांत वीज निश्चित असेल आणि तासा-दोन तासांसाठीं उठावयाचें असेल, तर डुलकी उत्तम. रात्रभर ठेवावयाचें असेल, प्रवासास निघावयाचें असेल, किंवा विजेची खात्री नसेल, तर शीतनिद्रा. विंडोज प्रणालीच्या पुष्कळ यंत्रांत शीतनिद्रेचा पर्याय प्रथम दिसत नाहीं. विजेसंबंधींच्या मांडणींत, बटणें व झांकण यांनीं काय करावें हें ठरविण्याची जागा असते, तेथें तो चालूं करतां येतो. झांकण मिटतांच डुलकीऐवजीं शीतनिद्रा यावी, अशीही योजना तेथेंच करतां येते. मात्र एक ध्यानांत ठेवावें: शीतनिद्रेंत पडद्यावरचा सारा मजकूर पाटीवर उतरत असल्यामुळें ज्या यंत्रांत घरचे किंवा बचत गटाचे हिशेब आहेत, त्यास संकेतशब्द असावा, आणि पाटीवरील मजकूर कूटलिपींत ठेवण्याची सोय असल्यास तीही चालूं असावी.

या सर्व योजनांच्या वर एक जुनी, फुकटची योजना आहे. कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबल्या कीं काम पाटीवर जातें. प्रत्येक परिच्छेद संपला, प्रत्येक रक्कम मांडली, कीं त्या दाबाव्या. निद्रेच्या सगळ्या अवस्था यंत्र आपल्या सोयीसाठीं सांभाळतें. काय टिकलें पाहिजे आणि काय गेलें तरी चालेल, हें मात्र यंत्राला कळत नाहीं. तो निर्णय ज्याचें काम त्यानेंच, आणि वीज असतांनाच, केला पाहिजे. लहानपणीं पंतोजी ‘हातचा लगेच मांडून ठेव’ म्हणून जें सांगत, त्याहून वेगळें मलाही सांगावयाचें नाहीं.