साठा आहे, पाट खणायचे आहेत
(ग्रंथपाल आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, धामापूर)



1530 साली बांधलेल्या तलावाच्या गावात आपण जमलो आहोत. 2020 मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. हा मान सिंचनाचा आहे. नुसतं पाणी साठवून तो मिळत नाही, ते शेतात पोचावं लागतं. आरोग्याच्या माहितीबाबत आपलं घोडं अडलंय ते इथंच. साठा अफाट आहे, पाट अर्धवट खणलेले आहेत.

याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. आजार जगाला नवा नव्हता. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं आजारी पडली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्याचा छडा लावला. गोचिडीमार्फत तो माणसाला होतो, मेलेल्या माकडाच्या आसपास धोका जास्त असतो, उन्हाळ्यापूर्वीपासून रुग्ण वाढतात, हे सगळं पुढच्या दशकांत छापून आलं होतं. आपल्याकडे तोच काळ काजूचा. बागेत, रानात जाणाऱ्या माणसाला यातलं काय ठाऊक होतं?

सिंधुदुर्गातल्या त्या साथीवरचं लेखन त्याच वर्षी 'जर्नल ऑफ इन्फेक्शन' या इंग्रजी नियतकालिकात आलं. आपल्यापैकी किती वाचनालयांच्या कपाटात त्याची प्रत किंवा एका पानाचा मराठी सारांश आहे? हात वर करायला मी सांगत नाही.

साधनं नाहीत, अशी आज तक्रार करता येणार नाही. 1879 मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची सूची अमेरिकेत सुरू झाली. त्या परंपरेतून आलेलं पबमेड 1996 पासून आहे; त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि शोधायला पैसे पडत नाहीत. पण शोधणं ही कला आहे. वाचक 'माकडताप' विचारतो, नोंद 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' या विषयशीर्षकाखाली असते. या दोन टोकांमध्ये उभा असतो तो ग्रंथपाल.

पहिला प्रश्न लेखापर्यंत पोचण्याचा. नोंद सापडली तरी वर्गणीशिवाय लेख उघडेलच असं नाही. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी ही मोठी सोय आहे आणि तिचं स्वागत केलं पाहिजे. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी आणि तालुक्याचं वाचनालय तिच्या कुंपणाबाहेर आहेत. साथ पहिल्यांदा दिसते ती याच लोकांना.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा लेख आला. तो मागे घेतला गेला 2010 मध्ये. बारा वर्षांत त्यानं पेरलेली भीती अजून उपटून निघालेली नाही. 2023 या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यात आता उत्तरं लिहून देणारी यंत्रं आली. ती सफाईदार मराठी लिहितात आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखाचा संदर्भ, लेखकाच्या नावासकट, ठोकून देतात. म्हणून आपल्या टेबलावर एक शिस्त हवी: संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहायचा, तारीख पाहायची, लेख मागे घेतलेला नाही ना हे तपासायचं. मगच वाचकाच्या हाती द्यायचा. औषध आपण सांगायचं नाही. ते डॉक्टरचं काम. आपण आधार दाखवायचा.

तिसरा प्रश्न जतनाचा. जानेवारी 2025 च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरची कितीतरी पानं रातोरात काढली गेली; काही न्यायालयाच्या आदेशानं परत आली. एवढ्या बलाढ्य देशात हे घडतं, तर आपल्या जिल्ह्यातले सर्वेक्षण अहवाल, लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे लेप्टोच्या, साथीच्या काळात वाटलेली पत्रकं, भातलावणीआधी गावागावांत दिलेल्या सूचना कोण राखणार? ही कागदपत्रं कुठल्याच नियतकालिकात येत नाहीत. ती एकदा रद्दीत गेली की पुढच्या साथीला आपण कोऱ्या पाटीनं सामोरे जातो.

आणि ज्ञान नेहमी वरूनच खाली येतं, असं मानू नका. गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्या बायांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा तो प्रयोग 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं छापला आणि पुढे आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. खेड्यातली नोंद जगाच्या ग्रंथालयात गेली, कारण ती कुणीतरी नीट लिहून ठेवली होती.

महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. शेजारच्या रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. एवढी जुनी घडी बसलेली असताना आरोग्याच्या माहितीसाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. अनुदान तुटपुंजं आहे, कर्मचाऱ्यांचं वेतन त्याहून तुटपुंजं, हे मी विसरलेलो नाही. त्या मागणीत मी तुमच्याबरोबर आहे.

तरीही तीन गोष्टी मागतो. शासनानं 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेची दारं प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि प्रत्येक तालुक्यातल्या किमान एका वाचनालयाला उघडावीत. आरोग्य विभागानं आपल्या प्रत्येक अहवालाची आणि पत्रकाची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला द्यावी. आणि आपण ग्रंथपालांनी माकडताप, लेप्टो, सर्पदंश, डेंग्यू यांवर तपासलेल्या, तारीख घातलेल्या मराठी माहितीची एकेक फाइल उघडावी आणि दर पावसाळ्याआधी व काजूच्या हंगामाआधी ती अद्ययावत करावी.

पहिल्या दोन गोष्टींसाठी आपल्याला निवेदनं द्यावी लागतील, वाटही पाहावी लागेल. तिसरीसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. ती उद्या सकाळी वाचनालय उघडल्यावर सुरू करा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.