घर सजते ते हातांनी
(पारोळा येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कानबाईचा रविवार तोंडावर आला आहे. या दिवसांत आपल्या पारोळ्यातील कोणत्याही घरात डोकावून पाहावे. फडताळातले डबे खाली उतरलेले असतात, भिंतींना नवा रंग लागत असतो आणि सुरतेहून, पुण्याहून कोण कधी पोहोचणार, याचे निरोप सुरू असतात. अशा धांदलीत 'घरची सजावट घरीच' हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला. वृत्तपत्रात लिहिणाऱ्या माणसाला कशावरही बोलता येते, अशी एक समजूत असते. ती फारशी चुकीची नाही. परंतु या विषयावर बोलण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या पुरवणीसाठी मी घरी केलेल्या आकाशकंदिलावर एक लेख लिहिला. विकतच्या झगमगाटात आपण काय गमावले, याचे त्यात साग्रसंगीत वर्णन होते. वाचकांचे दूरध्वनी आले आणि मीही सुखावलो. सायंकाळी माझ्या मुलीने तो लेख शांतपणे वाचला आणि विचारले, "बाबा, आपल्या दारातला कंदील कोणी केला?" मी म्हणालो, "आईने." "कधी?" मला ठाऊक नव्हते. तिनेच सांगितले, "फराळाचे आवरून, रात्री साडेबाराला. तुम्ही तेव्हा लेख लिहीत होता."

त्या एका वाक्याने माझ्या लेखातील सारी अलंकारिक भाषा निरर्थक ठरविली. परंपरेचा गौरव मी करीत होतो आणि परंपरेचे ओझे दुसरेच कोणी वाहत होते. आजचे माझे भाषण त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

माझे बालपण एकत्र कुटुंबात गेले. घरात अकरा माणसे होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आजोबा ओसरीवर बांबू चिरायला बसत. कामट्या पाण्यात भिजवून ठेवल्या, की त्या न मोडता वाकतात, हे मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो. काका दोऱ्याने सांधे बांधीत. आजी चुलीवर कणकेची खळ शिजवीत असे आणि आम्ही मुले पतंगी कागद चिकटवीत असू. कागदापेक्षा अधिक खळ आमच्या हातांना लागलेली असे. कंदील हमखास एका बाजूला कललेला असायचा. तो तसाच दारात लागे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही अभिमानाने दाखवीत असू.

त्या काळी लोकांना वेळ होता, असे आपण म्हणतो. हे खरे नव्हे. काकांचे दुकान होते, आजोबांची शेती होती, घरातील स्त्रियांना तर विसावा असा नव्हताच. वेळ अधिक नव्हता, काम वाटलेले होते. मात्र ही वाटणीसुद्धा कंदिलापुरतीच होती. अंगण सारवणे, रांगोळी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, दाराचे मण्यांचे तोरण हे सारे स्त्रियांच्याच माथी होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आठवण गोड असली म्हणून ती पूर्ण असतेच असे नाही.

आपल्या खानदेशाच्या सणांकडे पाहा. श्रावणात पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई, तिच्यासाठी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. यांतील कोणत्याही सजावटीला बाजारात जावे लागत नसे. शेतात, परसात, घरात जे आहे त्यातूनच ती उभी राहत असे. कागदाच्या रद्दीचेही तसेच. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची आणि पालथ्या मडक्यावर थापून टोपली वाळवायची. माझ्या अनेक लेखांना याहून चिरस्थायी स्थान लाभणे कठीण, असे मला नम्रपणे वाटते.

साध्या सामग्रीतून भव्यता उभी राहू शकते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते. तेथील टिळकनगरच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना पाचारण केले. आपण चित्रकार आहोत, बांधकामाचा आपल्याला अनुभव नाही, असा संकोच नंदलालबाबूंनी व्यक्त केला. तरीही गांधीजींनी आग्रह सोडला नाही. अट एकच होती: सामग्री गावातली असावी आणि हात गावच्या कारागिरांचे असावेत. बांबू आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून ते नगर उभे राहिले. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सजली, तेच हे नंदलाल बोस. एवढ्या मोठ्या कलावंताला आपल्या मातीतला बांबू कमी प्रतीचा वाटला नाही; आपल्याला मात्र दिवाणखान्यात तो ठेवायला संकोच वाटतो.

मधल्या काळात आपण थर्माकोलच्या आहारी गेलो. गणपतीचे तयार मखर आणायचे, दहा दिवसांनी टाकून द्यायचे. ते कुजत नाही, मातीत मिसळत नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि आपण पुन्हा पुठ्ठा, कागद, कापड यांच्याकडे वळलो. जे आजीला उमगले होते, ते आपल्याला अधिसूचनेने शिकवावे लागले! नव्या काळाने एक सोयही दिली आहे. जुना दिवा तापत असे आणि कंदिलाचा कागद करपत असे; आजचा एलईडी दिवा फारसा तापत नाही. म्हणजे घरचा कंदील टिकविणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे.

सामग्री आहे, सोय आहे. मग अडते कोठे? अडते ते माणसांच्या एकत्र बसण्यापाशी. नवरा-बायको दोघे नोकरीला, मुले शिकवणीला, प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी. अशा घरात 'सजावट घरीच करू' असे म्हणणे म्हणजे बहुतेक वेळा घरच्या गृहिणीच्या निजेतून आणखी दोन तास काढून घेणे. तसे होणार असेल, तर खुशाल विकत आणा. गावातल्या कारागिराच्या हाताला काम मिळेल आणि घरातली माउली वेळेवर झोपेल. त्यात कमीपणा काहीच नाही.

परंतु करायचेच असेल, तर त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही घरात जे तीन नियम केले, ते आपल्यापुढे ठेवतो. पहिला, एका सणाला एकच वस्तू घरी करायची. बाकीच्यांचा हट्ट धरायचा नाही. दुसरा, त्या संध्याकाळी घरातला प्रत्येक जण बसेल आणि पसारा आवरणे हेही सजावटीचेच काम मानले जाईल. माझ्या वाट्याला बहुधा तेच येते. तिसरा, मुलांनी वाकडे चिकटविले तर ते रात्री गुपचूप सरळ करायचे नाही. आपण सुधारलेली वस्तू मुले ओळखतात. पुढच्या वर्षी मग ती हात लावीत नाहीत.

पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला कामट्या आल्या. आजोबांचे पाहिलेले सारे आठवत होते, हाताला मात्र काहीच येत नव्हते. बोट कापले. मुलगी हसली, पत्नी हसली आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघे एका सतरंजीवर दोन तास बसलो. कंदील अर्थातच कलला होता.

शेवटी पुन्हा कानबाईकडे येतो. रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. दूर गेलेल्या भाऊबंदाचीही मूठ विसरली जात नाही. मला एवढेच सुचवायचे आहे, की ज्याच्या नावाची मूठ मोजली जाते, त्याचे हातही कामात मोजले जावेत. रविवारी केळीचे खांब बांधायला, चौरंग सजवायला, तोरण ओवायला ते हात पुढे आले, तर देवीपुढची आरास थोडी वाकडी झाली तरी चालेल. सोमवारी विसर्जनाला निघताना घरची माउली थकलेली नसेल, ही त्या सजावटीची खरी शोभा ठरेल.