तिकिटांवरील आकड्यांची पुनरावृत्ती
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



सोडतीच्या दोन तिकिटांवर तेच आकडे आढळले की प्रथम लबाडीचा संशय येतो. हा संशय सर्वस्वी अनाठायी नव्हे; परंतु तो कोठे रास्त व कोठे व्यर्थ, हे गणिताने ठरते.

आपल्याकडील राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटावर मालिका व क्रमांक छापलेला असतो, आणि तो एकदाच छापावयाचा असतो. तसेच दुसरे तिकीट निघाल्यास ते बनावट असेल किंवा छपाईत चूक असेल. तेथे तक्रार करणेच उचित. जर्मनीतील लोटो निराळ्या जातीची आहे. तीत १ ते ४९ मधून सहा आकडे निवडावयाचे असतात, आणि ग्राहकाची इच्छा असल्यास यंत्र ते निवडून देते. आधीच्या तिकिटावर काय दिले, याचा यंत्र विचार करीत नाही.

असे संच १,३९,८३,८१६ होतात. मग दोन तिकिटे जुळण्यास लाखो तिकिटे खपावी लागतील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात सुमारे ४,४०० यांत्रिक तिकिटांतच कोणती तरी दोन जुळण्याची शक्यता निम्मी होते. १०,००० तिकिटांत ती ९७ टक्क्यांवर जाते. कारण मोजावयाच्या त्या तिकिटांच्या जोड्या, आणि ४,४०० तिकिटांच्या जोड्या ९६ लाखांहून अधिक भरतात. आपल्याच हातातील तिकिटाला जोडीदार मिळणे ही गोष्ट वेगळी; १०,००० तिकिटांत ती शक्यता चौदाशेत एक एवढीच.

शिक्षकांना हे वर्गात पडताळता येईल. २३ मुलांत २५३ जोड्या होतात आणि दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. जुन्या पटांत मात्र पुष्कळ नावांपुढे १ जून हीच तारीख असते. ती दैवाची नव्हे, लेखणीची करामत. असा पट या प्रयोगास निरुपयोगी होय.

जर्मनीत २० डिसेंबर १९८६ रोजी निघालेले १५, २५, २७, ३०, ४२, ४८ हे आकडे २१ जून १९९५ रोजी पुन्हा निघाले. तोवर ३,०१६ सोडती झाल्या होत्या. एवढ्या सोडतींत कोणता तरी संच पुन्हा येण्याची शक्यता २८ टक्के असते; म्हणजे आश्चर्य वाटावे, पण चौकशी बसवावी असे त्यात काही नव्हते.

माणसे स्वतः आकडे निवडतात तेव्हा दाटी फार वाढते. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत पहिले बक्षीस १३३ जणांत वाटले गेले. प्रत्येकाच्या वाट्यास १,२२,५१० पौंड आले. यंत्राने विखुरलेल्या आकड्यांत इतकी गर्दी सहसा होत नाही. तरीही जितके संच तितकीच यांत्रिक तिकिटे खपली, तर पुनरावृत्तीमुळे सुमारे ५१ लाख संच कोणाच्याच तिकिटावर नसतात. त्यांपैकी एखादा निघाला, तर पहिल्या बक्षिसाचा धनीच सापडत नाही.