वाघाचा हिशेब होतो, रोह्याचा का नाही?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे इथे पुष्कळ आहेत. माझा विषय निराळा आहे: जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा. तो आपल्या कामाचा कसा, असे कोणी विचारील. जंगलात कोणते जनावर आहे याचा पुरावा त्या पेटीतून निघतो. आपल्या वावरात रात्री काय शिरते, याचा पुरावा कोणी ठेवत नाही. आणि पुरावा नसला की आपले नुकसान कागदावर घडतच नाही.

पेटी जेवणाच्या डब्याएवढी. पाऊलवाटेच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर झाडाला बांधतात. समोरून अंगात ऊब असलेले काही हलले की फोटो निघतो आणि त्यावर तारीख-वेळ उमटते. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजवीचे वेगळे. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत, जसा आपला अंगठा जुळत नाही.

2024 च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. त्या भागात वाघ नव्हताच. पट्टे जुळवून पाहिले, तर तो निघाला आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा! चारशे किलोमीटरहून अधिक वाट तो चालून गेला. ती वाट काही सगळी जंगलाची नव्हती. मधे कापूस, तूर, ज्वारीची वावरे आहेत. एवढे कळले ते फोटोमुळे.

पूर्वी वाघ पायाच्या ठशांवरून मोजत. राजस्थानात सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते. 2005 साली उघड झाले की जंगलात एकही उरला नाही. आपल्याला याचे नवल वाटू नये. नजरअंदाजाच्या पैसेवारीत आपले बुडालेले पीक कागदावर उभे असलेले आपण पाहिलेच आहे. सरिस्कानंतर सरकारने मोजणीची रीत बदलली आणि कॅमेरे आले. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्लास कारंत यांनी 1990 नंतरच्या दशकात ती वाघांसाठी वापरून दाखवली होती.

ही रीत घरी करून पाहा. वाटीभर हरभरा घ्या. 50 दाणे काढून शाई लावा आणि परत मिसळा. पुन्हा 50 काढा. त्यांत शाईचे 10 निघाले, म्हणजे पाचात एक शाईचा. शाईचे एकूण 50, तर वाटीत सुमारे 250 दाणे. वाघाला शाई लावावी लागत नाही. ती निसर्गानेच लावली आहे.

आता मुद्द्याचे. 2022 च्या देशभरच्या मोजणीत 32 हजारांहून अधिक ठिकाणी कॅमेरे लावले. फोटो निघाले 4 कोटी 70 लाखांवर. त्यांत वाघाचे किती? 97 हजार 399. महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला. ठीक आहे. पण बाकीच्या कोट्यवधी फोटोंत काय आहे? चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, आपली गुरे, सरपणाला गेलेली माणसे. म्हणजे रोही आणि डुकरे सरकारच्या कॅमेऱ्याने पाहिलेली आहेत. पाहिली नाहीत ती पंचनाम्याच्या कागदाने! जंगलात ते जनावर सरकारचे. आपल्या ज्वारीत शिरले की ते कोणाचेच नाही. ज्वारीचा पेरा का सोडला, हे जागलीला रात्री काढणाऱ्याला विचारा.

आपणही हिशेबाने चोख असले पाहिजे. रोह्याला आणि डुकराला पट्टे नाहीत. दहा फोटो निघाले म्हणजे दहा डुकरे, असे नाही. एकच डुक्कर दहादा आले असेल. म्हणून मागणी करताना आकडा फुगवू नका. किती रात्री कॅमेरा लावला, त्यांतल्या किती रात्री जनावर आले, किती वाजता, कोणत्या धुऱ्यावरून, एका फोटोत जास्तीत जास्त किती दिसले, एवढेच लिहा. ते खोडता येत नाही.

त्यासाठी गावाने वर्गणी करून एक-दोन कॅमेरे घ्यावेत. जनावराची रुळलेली वाट बघून ते धुऱ्यावर लावावेत. तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको. समोरचे गवत आणि फांदी छाटावी, नाहीतर वाऱ्याने हललेल्या पानांचेच फोटो भरतील. तारीख-वेळ आधी तपासावी. तारीख चुकली की पुरावा गेला. कॅमेरा आपल्या वावरातच लावावा. अभयारण्यात परवानगीशिवाय जायचे नाही. आणि हे ध्यानात ठेवा, की कॅमेरा डुक्कर हाकलत नाही. तो फक्त साक्ष देतो.

त्या साक्षीला आता जास्त मोल येणार आहे. 2025 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने जाहीर केले, की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात धरले जाईल. कोणती जनावरे आणि कोणते भाग धरायचे, हे राज्याने ठरवायचे. नुकसान 72 तासांत कळवायचे, आणि तेही ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह. म्हणजे मोडलेल्या पऱ्हाटीचा फोटो मोबाइलवर त्याच दिवशी काढा. रात्रीच्या कॅमेऱ्यातला फोटो त्याच्या जोडीला ठेवा.

या मेळाव्याने तीन मागण्यांचा ठराव करावा.

पहिली: जंगलाच्या कडेच्या कॅमेऱ्यांत रोही-डुक्कर किती रात्री दिसले, याचा गोषवारा दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा. वाघाचा ठावठिकाणा आम्हाला नको. तो शिकाऱ्याच्या उपयोगाचा.

दुसरी: वावराजवळ वाघ-बिबट्याचा फोटो निघाला, तर त्याच दिवशी गावात दवंडी व्हावी. 2018 च्या नोव्हेंबरात राळेगाव तालुक्यात टी-1 वाघीण मारली गेली, तोवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. त्या भागातल्या मायबहिणी त्या दिवसांत वेचणीला कशा गेल्या असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरी: सरपणाला, मोहाला गेलेल्या बायांचे फोटो कोणीही जवळ ठेवू नयेत, कोणाला दाखवू नयेत. जनावरासाठी लावलेली पेटी बायाबापड्यांवर पाळत ठेवायला नाही.

वाघ जगावा, याला आपला विरोध नाही. पण तो मोजायला जेवढी काळजी घेतात, तेवढ्याच काळजीने त्या जंगलाचा आपल्या वावरावर पडणारा खर्चही मोजला पाहिजे. मोजलेला खर्च नाकारणे अवघड जाते. पुढच्या मेळाव्याला येताना भाषण नको, प्रत्येक गावाने आपल्या धुऱ्याची वही घेऊन यावे.